मूल आयसीयूत आहे, पैसे कुठून आणू? जळगाव, धुळे, नंदुरबारकडून वारंवार येणारे प्रश्न

हे फोन बहुतेक रात्री येतात. चोपड्याहून, शिरपूरहून, तळोद्याहून. फोन करणारा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर असतो, बायको आत पेटीतल्या बाळाजवळ असते आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की 'सकाळपर्यंत पन्नास हजार भरा'. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळी वाचायला वेळ नसेल तर पहिला आणि आठवा प्रश्न तेवढा वाचा.

१. पोराला कालच भरती केलंय. आज सगळ्यात आधी काय करू?

नोटा मोजायच्या आधी दवाखान्यात 'आरोग्यमित्र' आहे का ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात या योजनेची खिडकी असते आणि तिथे बसणारा माणूस म्हणजे आरोग्यमित्र. रिसेप्शनवर 'नाही' म्हणाले तरी तेवढ्यावर थांबू नका. १५५३८८ या टोल फ्री नंबरवर फोन करून रुग्णालयाचं नाव सांगा आणि ते योजनेत आहे का, मुलाचा आजार बसतो का, दोन्ही विचारून घ्या. फोन चोवीस तास चालतो.

तेवढ्यात घरच्या कुणाला तरी रेशनकार्ड, आई-वडिलांचं आणि मुलाचं आधार, मुलाचा जन्मदाखला घेऊन गाडीत बसवा. कागद यायला वेळ लागणार असेल आणि मूल अत्यवस्थ असेल, तर रुग्णालय फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊ शकतं. कागद मागाहून देता येतात. आरोग्यमित्राला स्पष्ट म्हणा, 'इमर्जन्सीची फोन मंजुरी घ्या.'

२. आमचं रेशनकार्ड पांढरं आहे. आम्हाला काही मिळत नाही ना?

आता मिळतं. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. मर्यादाही दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख झाली.

खान्देशात हा गैरसमज इतका पक्का का बसलाय, त्याला कारण आहे. २०१२ साली योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं, पण तेव्हा पिवळं आणि केशरी कार्डच चालायचं. पुढे चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं. त्यात बुलढाणा होता, जळगाव नव्हता. मलकापूरच्या पाहुण्याला मिळायचं आणि मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याला नाही. तेव्हा नकार ऐकून परत आलेली माणसं आजही दुसऱ्यांना सांगतात, 'जाऊ नको, उपयोग नाही.' त्यांचं ऐकू नका.

अडचण येते ती दुसरीच. जुन्या हाताने लिहिलेल्या कार्डावर बारा अंकी ऑनलाइन नंबर नसतो आणि खिडकीवर तोच लागतो. तो तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून घ्यावा लागतो. मूल भरती असल्याचा दवाखान्याचा कागद सोबत न्या, काम लवकर होतं.

३. बाळ आठ दिवसांचं आहे. रेशनकार्डावर नाव नाही, आधारही नाही. मग?

आई किंवा वडिलांच्या कार्डावर काम होतं. सोबत जन्माचा दाखला आणि बाळाचा आई किंवा वडिलांसोबतचा फोटो लागतो. बाळाचं नाव ठेवलेलं नसलं तरी जन्माची नोंद होते, त्यासाठी बारशाची वाट पाहू नका. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं आणि सुनेचं नाव कुठल्याच कार्डावर नसतं, ही आपल्याकडची नेहमीची गुंतागुंत. तेव्हा बाळाच्या वडिलांचं कार्ड पुढे करा.

सरकारी दवाखान्यातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) बाळ असेल तर योजनेचा विचारही करावा लागत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला तिथे औषध, तपासण्या, रक्त मोफत आहे. येण्याजाण्याची आणि वरच्या दवाखान्यात हलवण्याची गाडीही मोफत आहे.

४. आयुष्मान कार्ड पण आहे. म्हणजे पाच आणि पाच, दहा लाख ना?

नाही. केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची फुले, या दोन्ही योजना राज्यात एकत्र चालवल्या जातात आणि कुटुंबाला वर्षाचे पाच लाखच मिळतात. फरक पडतो राज्याबाहेर गेल्यावर, त्यासाठी प्रश्न ११ बघा.

५. दवाखाना योजनेत आहे, मंजुरीही आली, तरी डिपॉझिट मागतात आणि औषधं बाहेरून आणायला लावतात. द्यावं का?

मंजूर झालेल्या उपचारासाठी एक रुपयाही द्यायचा नसतो. त्यात तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण, परतीचं भाडं आणि डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांची औषधं येतात. चिठ्ठी हातात दिली तर आरोग्यमित्राला दाखवा. तो टाळत असेल तर १५५३८८ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून घ्या. चिठ्ठ्यांचे आणि मेडिकलच्या बिलांचे फोटो काढून ठेवा.

पण कधीकधी दवाखाना खोटं बोलत नसतो. योजनेत आजारांचं 'पॅकेज' ठरलेलं असतं. एक आजार मंजूर झाला आणि मुलाला दुसरंच काही निघालं, तर त्या दुसऱ्यासाठी वेगळी मंजुरी लागते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खासगीत योजनेतून होतच नाहीत. म्हणून भांडणाआधी शांतपणे एकच विचारा, 'मंजुरी नेमकी कशाची आली आहे?' कागदावर जे नाव असेल ते वहीत उतरवून घ्या.

६. पोरगं योजनेत नसलेल्या खासगी दवाखान्यात आहे. हलवायची भीती वाटते. काय करावं?

हलवता येईल की नाही हे फक्त डॉक्टरच सांगू शकतात. मला विचारू नका, पाहुण्यांना तर मुळीच नको. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: 'आत्ता नाही तर किती तासांनी हलवता येईल आणि गाडीत काय लागेल?' व्हेंटिलेटर लागत असेल तर १०८ ला तसं सांगा. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यातल्या काही गाड्या त्या सोयीच्या असतात. निघण्याआधी समोरच्या दवाखान्यात बेड असल्याची खात्री डॉक्टर ते डॉक्टर बोलून झालेली असावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याचं १९८९ चं आहे, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. 'सिव्हिलला कोण नेतं' हे वाक्य वीस वर्षांपूर्वीचं आहे.

हलवणं शक्यच नसेल तर पुढचा प्रश्न तुमचा.

७. मुख्यमंत्री सहायता निधीतून पैसे कसे मिळतात? आमदाराची चिठ्ठी लागते का?

चिठ्ठी सक्तीची नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही या निधीचा कक्ष आहे, त्यामुळे त्यासाठी मंत्रालयात खेटे घालायची गरज उरलेली नाही. यादीत नवजात बाळांचे आजार, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया, हृदयरोग, कर्करोग, भाजणं, अपघात, दोन ते सहा वर्षांच्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) असे आजार आणि उपचार आहेत.

लागणारे कागद: दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी तपासलेलं), तहसीलदारांचा एक लाख साठ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, आजाराचे रिपोर्ट आणि भरती असलेल्या मुलाचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. लहान बाळाचं आधार नसेल तर आईचं चालतं. अपघात असेल तर पोलिसांचा कागद.

दोन गोष्टींवर अर्ज अडकतात. एक, रुग्णालय या निधीच्या यादीवर नोंदलेलं असावं लागतं, कारण पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. दुसरं, जो उपचार फुले योजनेत, शाळा तपासणीच्या कार्यक्रमात (प्रश्न १०) किंवा धर्मादाय खाटेवर (प्रश्न ९) होऊ शकतो, त्याला आधी तिकडेच पाठवतात. म्हणून ती दारं ठोठावून इकडे या. मदत बिलाचा एक भाग असते. पूर्ण बिल फिटेल अशा हिशोबाने शेत गहाण ठेवू नका.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीही याच धर्तीवर आहे. हृदय शस्त्रक्रिया, किडनी प्रत्यारोपण, कर्करोग यांसाठी अर्ज पंतप्रधान कार्यालयाकडे जातो. खासदारांच्या कार्यालयात तो भरून देणारी माणसं असतात, त्यांची मदत जरूर घ्या. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करता येतो, फक्त लपवू नका.

८. आम्ही बिल भरून टाकलं. आता पावत्या दाखवून परत मिळतील का?

नाही, आणि हे सांगताना दर वेळी जीव तुटतो. फुले योजना, मुख्यमंत्री निधी, पंतप्रधान निधी, यातलं कुणीही झालेला खर्च परत देत नाही. तिन्हीकडे पुढे होणाऱ्या खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

माझ्या बहिणीची मुलगी मेंदूज्वराने अकरा दिवस आयसीयूत होती. पहिल्या सहा दिवसांचे पैसे आम्ही भरले. बहिणीच्या पाटल्या गेल्या, मेहुण्याने कापसाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. सातव्या दिवशी जिन्यामागच्या कोपऱ्यात योजनेचा फलक दिसला, त्याच्यापुढे व्हीलचेअर लावून ठेवलेल्या होत्या. पुढचे पाच दिवस योजनेत बसले. आधीचे सहा कुणीही मोजले नाहीत. त्या दवाखान्याचं नाव लिहून काही साधणार नाही, पण तेव्हापासून मी कुणालाही पहिला प्रश्न 'किती भरले' हाच विचारते.

थोडं बिल भरलं असेल आणि मूल अजून भरती असेल तर उरलेल्यासाठी आजच अर्ज करा. डिस्चार्जची सही झाली की मार्ग जवळजवळ संपतात. अपवाद दोन: खासगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीच्या अटींत परतावा मिळतो आणि सरकारी नोकरांना वैद्यकीय प्रतिपूर्ती असते.

९. 'धर्मादाय' म्हणजे फुकट दवाखाना का? आमच्या गावाजवळ तर एकही दिसत नाही.

बाहेरून संगमरवर आणि काच असली तरी आतला दवाखाना धर्मादाय असू शकतो. ट्रस्टवर चालणाऱ्या, कायद्यात बसणाऱ्या रुग्णालयांना उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकासाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी ते प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकतात. निर्धन म्हणजे वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत. दुर्बल म्हणजे तीन लाख साठ हजारांपर्यंत. म्हणजे मुख्यमंत्री निधीच्या मर्यादेबाहेर गेलेलं कुटुंबही इथे बसू शकतं. हे पुष्कळांना माहीत नसतं.

मोठी नावं पुण्या-मुंबईत आणि काही नाशकात आहेत. आपली मुलं बहुतेक तिकडेच रेफर होतात, म्हणून हे माहीत हवं. पोहोचल्यावर समाजसेवा विभागात जा आणि उत्पन्नाचा दाखला द्या. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात थांबवता येत नाही, आधी उपचार करावे लागतात. 'खाटा भरल्या' म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.

१०. अंगणवाडीत तपासायला आलेल्या डॉक्टरांनी 'हृदयाला छिद्र आहे' सांगितलं. ऑपरेशनला लाखो लागतील म्हणतात.

घाबरू नका, या यादीतला सगळ्यात सरळ मार्ग तुम्हाला मिळाला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. हृदयाची छिद्रं, फाटलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू हे सगळं त्यात येतं आणि शस्त्रक्रिया मोफत होते.

त्यांनी दिलेला रेफरचा कागद जपा. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पथकाला भेटा, ते टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) शिबिराची तारीख देतात. तारीख लांबली तर पाठपुरावा तुम्हीच करा, कारण पथकाकडे पूर्ण तालुका असतो. शाळेत तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर होतं म्हणून नाव राहिलं असेल तर थेट गेलात तरी चालतं.

११. आम्ही अक्कलकुव्याचे. आम्हाला मुंबईपेक्षा सुरत जवळ. तिकडे योजना चालते का?

केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये पात्र असाल तर चालते. ती देशात कुठल्याही नोंदणीकृत रुग्णालयात वापरता येते, मदतीचा नंबर १४५५५. पण तुम्ही फक्त राज्याच्या योजनेत येत असाल तर गुजरातचा दवाखाना ती स्वीकारणार नाही. तुमची पात्रता कोणती, ते नंदुरबारच्या आरोग्यमित्राकडून निघण्याआधी बघून घ्या आणि आयुष्मान कार्ड इथेच काढा. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं सवयीने सुरतेला जातात आणि तिथे पोहोचल्यावर हे कळतं.

१२. टाटाला पाठवलंय. सहा महिने मुंबईत राहायचं कुठे, जायचं कशाने?

टाटा रुग्णालयात फाईल काढताना 'जनरल' काढा. घाईत खासगी फाईल निघाली तर खर्चाचं गणितच बदलतं. मग लगेच समाजसेवा विभागात जा. लहान मुलांच्या कर्करोगासाठी त्यांच्याकडे वेगळा निधी आहे आणि 'पैसे नाहीत म्हणून उपचार सोडतो' असं तिथे कुणालाही वाटू देत नाहीत. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि फक्त कर्करोगाच्या मुलांसाठी असलेली सेंट ज्यूड केंद्रं आहेत. सेंट ज्यूडमध्ये राहणं मोफत आहे, पण रुग्णालयाचं शिफारसपत्र लागतं.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला पाऊण. हृदय शस्त्रक्रियेला जाणाऱ्या आणि थॅलेसेमियाच्या रुग्णालाही सोबत्यासह बहुतेक वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दाखला द्यावा लागतो. तिकीट खिडकीवरून काढायचं, मोबाईलवरून सवलत मिळत नाही. धुळेकरांनी चाळीसगावहून गाडी धरायची असेल तरी तोच दाखला चालतो.

१३. मना आंडोरले (पोराला) सिकलसेल शे. दर महिनाले रक्त चढाडनं पडस. काही मदत शे का?

आहे भाऊ. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांच्या मुलांना सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं आणि बदल्यात रक्तदाता आणण्याची अट घालता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे तिन्ही आजार आहेत, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. त्यावर पुढे संजय गांधी निराधार अनुदान आणि शिष्यवृत्त्या यांचे मार्ग उघडतात. एसटीतही सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना सवलत आहे. थॅलेसेमियात डॉक्टरांनी बोन मॅरो प्रत्यारोपण सुचवलं तर 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'बद्दल विचारा. कोल इंडियाच्या पैशातून दहा लाखांपर्यंत मदत मिळते, पण ठरावीक रुग्णालयांतच.

१४. डॉक्टर म्हणतात आजार दुर्मिळ आहे आणि इंजेक्शन कोटींचं आहे.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठी मुलाची नोंद ठरलेल्या केंद्रात व्हावी लागते. आपल्या राज्यात मुंबईचं केईएम त्यापैकी आहे. नोंदणी पहिल्या महिन्यातच करा. उरलेल्या रकमेसाठी प्रश्न १७ बघा.

१५. दोघंही मजुरी करतो. दवाखान्यात बसलो तर खायचं काय?

हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही आणि घर मात्र यातच बुडतं. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तसंच चोपडा-यावलच्या पाड्यांवरचं मूल सरकारी दवाखान्यात भरती असेल, तर सोबतच्या पालकाला जेवण आणि 'बुडीत मजुरी' देण्याची तरतूद आहे. कुपोषणासाठी पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवलेल्या मुलाच्या आईलाही ती मिळते. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आशाताईंना सोबत घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा.

बांधकामावर जात असाल आणि कल्याणकारी मंडळाची नोंदणी चालू असेल, तर कुटुंबातल्या गंभीर आजारासाठी एक लाखापर्यंत मदत आहे. नूतनीकरण राहिलं असेल तर मिळत नाही. एमआयडीसीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर मुलांचे उपचार त्यातूनच होतात. पगाराची चिठ्ठी काढून बघा. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून हृदय, किडनी आणि कर्करोगासाठी छोटी रक्कम मिळते. औषधाला पुरत नाही, गाडीभाड्याला पुरते.

१६. सातबारा आजोबांच्या नावावर, भाऊ चार. तलाठी उत्पन्न जास्त लावतो.

तलाठ्याला वेगळं राहत असल्याचा पुरावा द्या: वेगळं रेशनकार्ड, वेगळं वीजबिल, असेल ते. केळीच्या बागेचा एकूण आकडा तुमचं उत्पन्न नाही, तुमचा हिस्सा आणि त्यातून खर्च वजा हे समजावून सांगा. सेवा हक्क कायद्यात उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस आहेत, पण भरतीचा कागद दाखवून तहसीलदारांना भेटलात तर त्याच दिवशी सही झालेली मी पाहिली आहे. मार्च उलटला की दाखला नवा लागतो. खोटा दाखला काढू नका, रुग्णालयात पडताळणी झाली तर आहे तीही मदत जाते.

१७. मोबाईलवर क्यूआर कोड टाकून पैसे गोळा करावे का?

सगळे मार्ग संपल्यावर, आणि पैसे शक्यतो रुग्णालयाच्या खात्यात. लोकवर्गणीच्या वेबसाइटवर गेलात तर त्यांचं शुल्क किती ते आधी लेखी विचारा. मुलाचा नळ्या लावलेला फोटो टाकला तर पैसे जास्त येतात हे खरं आहे. तो फोटो उद्या शाळेत त्याच्या वर्गमित्राच्या घरातही पोहोचलेला असेल, हेही खरं आहे. मी अंदाजपत्रकाचा फोटो टाकायला सांगते.

१८. बिल बाकी आहे म्हणून पोराला सोडत नाहीत.

असं अडवता येत नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद आहे. थकलेल्या बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला डांबून ठेवायला त्यात मनाई आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा. याचा अर्थ बिल माफ झालं असा नाही. हप्ते बांधून घ्या आणि तपशीलवार बिल मागा. बिल मागितल्यावर ते कमी झाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

१९. एक जण म्हणतो, वीस टक्के दे, निधी मंजूर करून आणतो.

पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात (प्रश्न ७). मग त्याचे वीस टक्के तुमच्याच खिशातून जाणार. कुठल्याही निधीच्या अर्जाला फी नाही. त्याला मुलाचं आधार आणि ओटीपी तर अजिबात देऊ नका.

२०. घरी सोडलं. पण औषधं वर्षभर चालणार आहेत.

पहिले दहा दिवस योजनेत आहेत (प्रश्न ५). नंतरची चिठ्ठी घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर आधी विचारा, नंतर जनऔषधी केंद्रात. फिट्सची, हृदयाची रोजची गोळी तिथे पुष्कळ स्वस्त पडते. कंपनी बदलली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. फिट्सच्या औषधात तर नक्कीच. डिस्चार्ज कार्डाच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा भरतीची वेळ आली तर पाच लाखांची मर्यादा नव्याने सुरू झालेली असते आणि खिडकीवर पहिल्यांदा हेच कार्ड मागतात.